चौदा नंबरच्या घरातले अकरा सिनेमे

१

त्या रविवारी मिलर्स फोर्कच्या लूथरन चर्चमधली मंडळी प्रार्थना आटोपून बाहेर पडली, ती नेहमीप्रमाणे कॉफीकडे न जाता सूचनाफलकापुढे अडकली. फलकावर केकविक्रीची चिठ्ठी होती, ईस्टरच्या गाण्यांच्या सरावाचं वेळापत्रक होतं आणि दोन्हींच्या मधोमध कुणीतरी एक छायाप्रत टाचून ठेवली होती. वरती पत्ता: एव्हरेट लिंडक्विस्ट, १४ बर्च लेन. खाली अकरा सिनेमांची नावं, तारीख-वेळेसकट. सिनेमे कसले हे विचारायची गरज नव्हती, नावं वाचूनच कानाच्या पाळ्या लाल व्हाव्यात असे होते.

लिंडक्विस्ट म्हणजे गावच्या हायस्कूलचे गेली बावीस वर्षं मुख्याध्यापक. केबल कंपनीचं प्रौढांच्या सिनेमांचं 'लाल चॅनेल' बंद करा म्हणून जानेवारीत नगरसभेपुढे चाळीस मिनिटं बोलले होते. आणि त्या रविवारी, प्रार्थनेनंतर, 'स्वच्छ घर' या विषयावर त्यांचंच व्याख्यान ठेवलेलं होतं. ते झालं नाही. लिंडक्विस्टनी लांबूनच कागद पाहिला, हॅट घातली आणि बायकोला घेऊन घरी गेले.

सोमवारी सकाळी ट्रेलिस केबलच्या कचेरीत फोन थांबायला तयार नव्हते. पाच वर्षांपूर्वी याच कंपनीचा टीव्हीवर ठेवायचा डबा गावात आला तेव्हा लोक परगावच्या पाहुण्यांना हौसेनं दाखवत होते: हे बटण दाबा, सामना, हे दाबा, नवा सिनेमा, जेवढं बघाल तेवढ्याचेच पैसे. कचेरीतला संगणक दर काही सेकंदांनी एकेका घराच्या डब्याला विचारायचा, बाबा रे, तू कुठल्या चॅनेलवर आहेस? त्याचंही तेव्हा कौतुकच होतं. आता पेट्रोल पंपाशेजारी व्हिडिओ कॅसेटचं दुकान निघालं होतं, निम्म्या डब्यांवर धूळ होती, आणि तो विचारत बसणारा संगणक लोकांच्या मनात घर करून बसला होता. "आमचीही यादी आहे का हो तुमच्याकडे?" प्रत्येक फोनवर हाच प्रश्न.

तक्रार खिडकी सांभाळणाऱ्या डॉट वेंगरनं सकाळपासून साठ जणांना तेच उत्तर दिलं: याद्या कुलपात असतात. ईस्टरपर्यंतच्या उपासात तिनं सिगारेट सोडली होती, त्यामुळे सत्तावन्न वर्षांच्या बाईच्या पायाला भिंगरी लागली होती. फोन कानाला, वायर जाईल तितकी लांब, आणि तोंडात पेपरमिंट.

दहा वाजता मॅनेजर रॉय टिलॉट्सननं तिला आत बोलावलं. "संगणकखोलीची किल्ली एकटीकडे आहे. नोरीनकडे," तो म्हणाला.

नोरीन कोवाच तेवीस वर्षांची होती. तिला नोकरीला लावलं होतं डॉटनंच.

टिलॉट्सनचं म्हणणं सरळ होतं. गुरुवारी दुपारी चारला शाळा समितीची सभा होती. तिथं लिंडक्विस्टचं काय करायचं ते ठरणार होतं, आणि कागद कुणी फोडला हे कंपनीला सांगावं लागणार होतं. नाव दिलं नाही तर नगरसभा कंपनीचा परवानाच काढून घेणार. त्यानं नोरीनला घरी पाठवलंसुद्धा होतं. "गुरुवारी दुसरं नाव मिळालं तर ठीक," तो म्हणाला. "नाही तर तिचंच देईन. त्यानंतर तिला या गावात कुणी झाडू मारायलाही ठेवणार नाही, हे मला कळतं, डॉट."

२

नोरीन आईच्या स्वयंपाकघरात बसून रडायची थांबली होती, हे रडण्यापेक्षा वाईट होतं. तिनं कागद पाहिलासुद्धा नव्हता. डॉटनं टिलॉट्सनकडून आणलेली प्रत टेबलावर ठेवली.

"ही आमच्याकडची नाहीच," नोरीन म्हणाली.

"कशावरून?"

"आमचा कागद हिरव्या पट्ट्यांचा, ताटाएवढा रुंद, दोन्ही कडांना भोकं. हा साधा पत्राचा कागद आहे."

एवढ्यानं टिलॉट्सन ऐकणार नव्हता, नोरीननं दुसऱ्या कागदावर छापून घेतलं असं म्हटलं असतं. डॉट प्रत हातात घेऊन उठली, खिडकीपाशी गेली, परत आली, पुन्हा खिडकीपाशी गेली. उजेडात तिला दोन पुसट आडव्या रेघा दिसल्या. कागदाचे बरोबर तीन भाग करणाऱ्या. पत्ता वरच्या भागात, अगदी पाकिटाच्या पारदर्शक खिडकीतून दिसावा असा.

"हा कागद घडी घालून पोस्टानं गेला होता," डॉट म्हणाली. "घडी उलगडून मग त्याची प्रत काढली. कुलपातल्या कागदाला कोण घडी घालतंय?"

कंपनी बिलावर सिनेमांची नावं छापत नसे, सभ्यपणा म्हणून. नुसतं चॅनेल आणि किती वेळा. पण बिलाच्या मागे बारीक अक्षरांत एक ओळ होती: तपशील हवा असल्यास सही करून क्लीव्हलँडच्या मुख्य कचेरीला लिहावे. ती ओळ गावात कुणी वाचली असेल असं डॉटला कधी वाटलं नव्हतं. तिनं नोरीनच्याच घरून क्लीव्हलँडला फोन लावला. तिकडचा कारकून म्हणाला, अर्जांची फाइल शोधून दोन दिवसांत कळवतो. तपशील मात्र फक्त त्याच पत्त्यावर पाठवतात, दुसरीकडे नाही.

म्हणजे कागद कंपनीतून फुटला नव्हता. तो चौदा नंबरच्या घरातून बाहेर आला होता. आणि त्या घरात माणसं होती दोनच.

३

लिंडक्विस्टनी दार उघडलं तेव्हा त्यांनी टाय लावलेला होता. सभेपर्यंत शाळेत जायची बंदी असताना घरात टाय लावून बसणाऱ्या माणसाची डॉटला एकदम दया आली. पण त्यांनी दयेला जागा ठेवली नव्हती. त्या कागदाला आपण हात लावणार नाही, वाचणार नाही, त्याला उत्तर देणार नाही, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. बावीस वर्षांत गावानं आपल्याला ओळखलं नसेल तर आता ओळख पटवून देण्यात अर्थ नाही.

त्यांची बायको अर्डिस कॉफी आणि दालचिनीचा केक ठेवून गेली. नवऱ्याच्या कपात तिनं न विचारता दीड चमचा साखर घातली. त्याच्याकडे बघितलं मात्र नाही.

"कागद राहू द्या," डॉट म्हणाली. "डब्यावर तुम्ही बघता तरी काय?"

"फुटबॉल. कॉलेजचे सामने. गेल्या हंगामात सहा बघितले, बस्स."

"एकटेच?"

"एकटा कशाला? माझा मेव्हणा, शाळेचे दोन प्रशिक्षक आणि मी. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी तर प्रशिक्षकानं चिलीच्या रश्श्याचं भांडं या गालिच्यावर सांडलं. सोळा तारीख. डाग अजून आहे, बघा."

डाग होता. डॉटनं पर्समधली यादी त्यांना दिसणार नाही अशी उघडली. सोळा ऑक्टोबर, शनिवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं: लाल चॅनेल, सिनेमा. संपूर्ण. आणि अख्ख्या यादीत फुटबॉलचा एक सामना नाही.

खोटं बोलणारा माणूस सिनेमे लपवील. पण चौघांनी मिळून पाहिलेले सामने संगणक का लपवील? एका डब्यातून एका वेळी एकच चॅनेल दिसतं. दोनातलं एक खरं, आणि डाग तर डोळ्यांसमोर होता.

ती उठली, टीव्हीवरून डबा उचलला आणि उलटा केला. तळाला पत्र्यात ठोकलेला क्रमांक होता, शेवटचे आकडे तीनशे अठरा. निघण्यापूर्वी तिनं पाहिलेल्या कंपनीच्या वहीत चौदा नंबरच्या घरापुढे होते तीनशे पाच.

स्वयंपाकघराच्या दारात कपबशी खणखणली. अर्डिस तिथं उभी होती. किती वेळ, ते कळायला मार्ग नव्हता.

"कसला नंबर तो?" तिनं विचारलं.

"अजून मलाच नीट कळलेलं नाही," डॉट म्हणाली. ती डबा खाली ठेवून जवळजवळ पळतच गाडीकडे गेली.

४

बर्च लेनमध्ये डबे बसवले होते ड्वेन फोगलनं. मंगळवारी दुपारी तो एल्म स्ट्रीटवर खांबावर चढलेला सापडला. डबा मुद्दाम बदलला असेल, असा फोगलवर डॉटचा संशय होताच. शाळेत असताना लिंडक्विस्टनी त्याला काढून टाकलं होतं आणि तो राग त्यानं मुरांब्यासारखा जपला होता.

"खाली ये," डॉट ओरडली.

"तुम्हीच वर या, बाईसाहेब. इथून चर्चचा फलक मस्त दिसतो."

तो उतरला, पण सावकाश. कागदाशी आपला संबंध नाही, पण ज्यानं टाचला त्याला एक बिअर पाजीन, म्हणाला. डॉटनं त्याला दोन्ही क्रमांक सांगितले आणि चौदा नंबरचा डबा बसवल्याचा दिवस आठवतो का विचारलं.

"असले शेकडो बसवलेत. कोण लक्षात ठेवतं?"

"मग फॉर्म कसे भरायचास ते सांग. घरात, डबा समोर ठेवून?"

फोगल हातमोजे काढू लागला. हातमोजे काढायला माणसाला इतका वेळ लागत नाही.

नियम तोच होता: डबा टीव्हीवर ठेवायचा, उलटा करायचा, आकडा वाचायचा, फॉर्मवर लिहायचा, गिऱ्हाइकाची सही घ्यायची. पण शुक्रवारी पाचच्या आत फॉर्म दिले तरच शनिवार सुट्टीचा मिळायचा. म्हणून सगळेच तारवाले दुपारी हॉटेलात जेवता जेवता फॉर्म भरून टाकायचे. खोक्यावरच्या यादीतले आकडे ओळीनं घ्यायचे, घरंही रस्त्याच्या ओळीनं लिहायची. मग गाडीतून डबे काढून घराघरांत न्यायचे. जो हाताला आला तो.

"जो हाताला आला तो," डॉटनं परत म्हणून पाहिलं.

"डबे सगळे सारखेच. लोकांना चित्र दिसलं की झालं," फोगल म्हणाला, पण आता त्याच्या आवाजातली मस्ती उतरली होती. "एका खोक्यात मावायचे दोन. म्हणजे फार तर शेजारच्या घरचा जाईल."

"असे किती बसवलेस?"

"मी एकट्यानं? नऊशे."

अख्ख्या गावात काय काय पाहिलं जातं हे त्या संगणकाला सेकंदासेकंदानं माहीत होतं. फक्त कोण पाहतं हे माहीत नव्हतं, आणि पाच वर्षांत हे कुणी तपासलंही नव्हतं. तिला तक्रार खिडकीवरची एक गोष्ट आठवली: लोक पावसाळी चित्राबद्दल, तुटलेल्या तारेबद्दल, कशाहीबद्दल भांडायला येत. मी न पाहिलेल्या सिनेमाचे पैसे लावले, असं भांडायला मात्र आजवर कुणी आलं नव्हतं. का आलं नव्हतं, ते कळायला तिला बर्च लेनच्या पुढच्याच घरात जावं लागलं.

५

सोळा नंबरला क्लेटन प्रूइट राहत असे. रेल्वेतून निवृत्त, ऐंशी वर्षांचा विधुर. कुंपणाच्या झुडपावरून त्याचं आणि लिंडक्विस्टचं तीन उन्हाळे वाजत होतं, म्हणून टपालातलं पाकीट लांबवल्याचा संशय त्याच्यावरही होता. डॉटनं परवानगी घेऊन त्याचा डबा उलटा केला. तीनशे पाच.

"मिस्टर प्रूइट, तुम्हाला बिलं येतात ना? त्यात फुटबॉल लावलेला असतो."

"असतो की. गेल्या हंगामात सहा सामने."

"तुम्ही पाहिलेत?"

"मला फुटबॉलातलं ओ की ठो कळत नाही, पोरी."

"मग पैसे का भरलेत?"

म्हातारा जरा गोरामोरा झाला आणि मग हसला. "मला वाटलं तुम्ही लोक सभ्यपणानं फुटबॉल म्हणून लिहिता. टपालवाली बाई पाकीट बघते, मुलगी येते तेव्हा टेबलावरची बिलं चाळते. मी म्हटलं, किती समजूतदार कंपनी आहे."

तीन दिवसांत पहिल्यांदाच डॉट पोट धरून हसली. मग थांबली. हा एकटा म्हणून स्वतःचीच समजूत घालून मोकळा झाला. पण जिथं नवरा आहे, बायको आहे, मोठा मुलगा आहे, तिथं नको ती ओळ बिलावर दिसली की माणूस खिडकीवर येऊन भांडत नाही. तो घरातल्यांकडे बघतो आणि गपचूप पैसे भरतो.

तिनं म्हाताऱ्याला सगळं सांगितलं आणि तुमचं नाव येणार नाही असा शब्द दिला. प्रूइटनं खिडकीतून कुंपणाच्या झुडपाकडे पाहिलं.

"माझ्यापायी त्याची नोकरी जाणार होय? त्याला झुडूप कापता येत नाही, पण माणूस सरळ आहे. सभा किती वाजता?"

६

गुरुवारी सकाळी क्लीव्हलँडचा फोन आला. अर्ज होता, फेब्रुवारीतला, चौदा बर्च लेन. सही गिचमिड: ए. की ई. लिंडक्विस्ट, कळत नव्हतं. ए म्हणजे अर्डिस, ई म्हणजे एव्हरेट. पण फोनवरचा कारकून आपणहून म्हणाला की सोबतच्या पत्रात लिहिलंय, पाकीट सकाळच्या टपालानं यावं, दुपारनंतर माझे पती घरी असतात.

डॉट अकरा वाजता तिथं पोचली. लिंडक्विस्ट वकिलाकडे गेले होते. अर्डिसनं तिला स्वयंपाकघरात बसवलं आणि स्वतः उभीच राहिली.

"तुम्ही टाचलात," डॉट म्हणाली.

अर्डिसनं नाकारलं नाही. ऑक्टोबरपासून बिलावर लाल चॅनेल येत होतं. तिनं पैसे भरले, जेवण वाढलं, शर्टांना इस्त्री केली. जानेवारीत तो नगरसभेत बोलला तेव्हा ती मागच्या रांगेत त्याचा कोट मांडीवर घेऊन बसली होती. लोक टाळ्या वाजवत होते, तिनंही वाजवल्या. मग 'स्वच्छ घर'चं व्याख्यान ठरलं आणि त्यानं तिला विचारलं, आपल्या घरातलं एखादं उदाहरण देऊ का?

"तेव्हा मी ग्रंथालयात जाऊन प्रत काढली," ती म्हणाली. "मला फक्त ते व्याख्यान थांबवायचं होतं. नोकरी, ती मुलगी, यातलं काही मनात नव्हतं."

"तुम्ही तारखा नाही पाहिल्यात? सोळा ऑक्टोबर? त्या दुपारी इथं चौघं फुटबॉल बघत होते."

"त्या दुपारी मी बहिणीकडे होते." मग सावकाश म्हणाली, "फुटबॉल बिलावर नाही हेसुद्धा माझ्या ध्यानात आलं नाही. माझी नजर त्या एका ओळीवरून हललीच नाही."

डॉटनं तिला डब्याचं सांगितलं. हॉटेलातले फॉर्म, एका खोक्यातले दोन डबे, सोळा नंबर. सांगताना तिला वाटत होतं की बाईच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. अर्डिस खुर्ची ओढून बसली आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पाच महिने ती एका लबाड माणसाची सोशिक बायको होती. आता ती एका सरळ माणसाला चव्हाट्यावर आणणारी बाई होती, आणि सभेला पाच तास उरले होते.

"कंपनीची चूक आहे एवढंच मी सांगू शकते," डॉट म्हणाली. "पण फलकावर कुणी लावला ते सांगितलं नाही, तर नोरीन जाईल."

अर्डिसनं मान हलवली. हो की नाही, ते डॉटला कळलं नाही.

७

चार वाजता शाळेच्या व्यायामशाळेत बसायला जागा नव्हती. डॉटनं दोन्ही डबे टेबलावर उलटे ठेवले, क्रमांक वाचून दाखवले आणि जेवता जेवता भरलेल्या फॉर्मांचं सांगितलं. टिलॉट्सनचा चेहरा खडूसारखा झाला. अध्यक्षांनी विचारलं, मग ते सिनेमे पाहिले कुणी? डॉट म्हणाली की ते सांगायचा कंपनीला हक्क नाही. तेव्हा मागून काठीचा आवाज आला.

"मी," प्रूइट म्हणाला. "त्यातले दोन टुकार होते."

हसू ओसरायला बराच वेळ लागला. ते ओसरल्यावर अर्डिस लिंडक्विस्ट उभी राहिली. तिचा आवाज लहान होता, पण मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेला.

"कागद मी लावला. तपशील मीच मागवला होता. त्या कोवाचांच्या मुलीचा काही दोष नाही आणि माझ्या नवऱ्याचाही नाही. मी त्याला विचारलंच नाही."

समितीनं पाच मिनिटांत लिंडक्विस्टना पुन्हा शाळेवर घेतलं, आणि टिलॉट्सननं तिथंच नोरीनची किल्ली परत केली. डॉट कोट घेऊन बाहेर पडत होती तेव्हा ते नवरा-बायको दाराशी उभे होते. लोक त्यांना वळसा घालून जात होते.

"पाच महिने," एव्हरेट म्हणाले. "एकदा विचारायचं होतंस."

"तू हो म्हणाला असतास तर?"

एव्हरेटनी तिचा कोट धरला, तिनं हात घातले, आणि दोघं एका गाडीतून घरी गेले. पुढे काय झालं ते डॉटला कधीच कळलं नाही, आणि तिनं विचारलंही नाही.

सोमवारी कचेरी उघडायच्या आधीच पायऱ्यांवर रांग होती. टिलॉट्सनला वाटलं लोक डबे परत करायला आलेत, आणि पुढे तसे ते आलेही. उन्हाळ्यापर्यंत लाल चॅनेल गेलं, पाठोपाठ सामने आणि सिनेमेही गेले. पण त्या सोमवारच्या रांगेत जवळजवळ सगळ्या बायकाच होत्या. कुणी टॉवेलात, कुणी उशीच्या अभ्र्यात डबा गुंडाळून आणला होता. खिडकीशी येऊन प्रत्येक बाई हळू आवाजात एकच सांगत होती: जरा याचा नंबर बघा.

डॉट डबा उलटा करून आकडा वाचायची, नोरीन वही उघडून पत्ता काढायची. काही आकडे चुकलेले निघाले, म्हणजे बिलावरची ती ओळ दुसऱ्याच घरची होती, आणि त्या बायका पायऱ्या उतरताना तरुण दिसायच्या. बहुतेक आकडे बरोबर होते. ते सांगताना डॉट समोर बघत नसे.

बाराच्या सुमाराला बेकरीवाली मिसेस सोबचाक आली. हातावर पीठ तसंच होतं, दुकान तसंच टाकून आली होती. डॉटनं आकडा वाचला, नोरीननं पत्त्यावर बोट ठेवलं. दोन्ही तंतोतंत जुळत होते.

"मिसेस वेंगर," सोबचाकबाई म्हणाली, "एकोणतीस वर्षं झालीत आमच्या लग्नाला."

डॉटनं तिच्याकडे पाहिलं. "चुकीचा आहे," ती म्हणाली. "हा डबा तुमच्या घरचा नाहीच."

बाईनं खिडकीच्या कडेला धरलं, डोळे मिटले आणि उघडले. नोरीननं वहीतल्या आकड्याकडे बघितलं, मग डॉटकडे. मग पेन उचलून त्या पत्त्यापुढे 'चुकीचा' असं लिहिलं आणि पुढच्या बाईला हात केला.